नसरीन मोहमदी यांच्या रेषा

एकच रेषा पुनःपुन्हा ओढीत राहणे ही कला कशी, असा प्रश्न नसरीन मोहमदी यांच्या चित्रांपुढे उभा राहणारा रसिक हमखास विचारतो. कागदावर शाईने आणि शिसपेन्सिलीने ओढलेल्या असंख्य बारीक रेषा. ना झाड, ना माणूस, ना शीर्षक, बहुधा तारीखही नाही. वास्तुविशारदाच्या कचेरीतून उडून आलेला नकाशाच जणू! या प्रश्नाला सहसा जे उत्तर दिले जाते ते मात्र आम्हांस पटत नाही.

ही चित्रे म्हणजे ध्यान आहे, जप आहे, असे ते उत्तर. रोझरीचे मणी ओढणाऱ्या आपल्या वाचकांना ही उपमा जवळची वाटेल. परंतु जपात शब्द तोच राहतो. येथे दोन रेषांमधील अंतर नकळत आवळत जाते, एखादी रेषा अर्ध्यावर फिकी होते, जाळीची वीण एका बाजूस दाट तर दुसऱ्या बाजूस विरळ होते. पुनरावृत्ती हातांची आहे; डोळा प्रत्येक वेळी नवा निर्णय घेतो. पट्टी वापरूनही हे काम अंतःप्रेरणेचे ठरते ते याच कारणाने. रेषा सरळ येण्याची हमी पट्टी देते; पुढची रेषा किती दूर असावी आणि हात कोठे थांबावा, हे तिला ठाऊक नसते. आम्ही एका दुपारी असा प्रयत्न करून पाहिला. तिसाव्या रेषेच्या आसपास लक्ष उडाले आणि कागदावर ते लगेच दिसलेही.

१९३७ साली कराचीत जन्मलेल्या नसरीनबाई मुंबईत वाढल्या, लंडन व पॅरिस येथे शिकल्या. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. १९७२पासून अखेरपर्यंत त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन केले. आरंभीच्या शाईचित्रांत झाडांच्या फांद्यांचा भास होतो. सत्तरीच्या दशकात जाळी आली, पुढे तीही विरघळली. त्या जाळ्यांपैकी काही आम्हांस कोरड्या वाटतात, हे कबूल केले पाहिजे. वाळू, रस्त्यांवरील पट्टे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहिली की मात्र हा कोरडेपणा बराच ओसरतो. ती छायाचित्रे त्यांनी हयातीत कधी प्रदर्शित केली नाहीत. डोळ्यांनी आधी जगातली रेषा टिपली होती, ती हवेतून आलेली नव्हती.

अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने शरीरावरील ताबा सुटत चालला होता. त्या काळातील चित्रांविषयी लिहिताना टीकाकारांचा सूर हळवा होतो. आम्हांस ते अन्यायाचे वाटते, कारण त्या चित्रांत दयेला जागाच नाही. काही तिरप्या रेषा कागदाच्या मधोमध अधांतरी राहतात, उरलेला कागद कोरा. शंभर रेषांचे काम पाचसहा रेषांवर येते, आणि त्यांतील एकही हलविता येत नाही.

१९९० साली त्या निवर्तल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या दालनाचा प्रारंभ २०१६ साली ज्या प्रदर्शनांनी झाला त्यांत त्यांचे प्रदर्शन होते. आपल्याकडे अजूनही त्या पुष्कळांना छापील पुस्तकांतूनच भेटतात आणि तेथे शिसपेन्सिलीची सर्वांत फिकी रेषा बहुधा उमटतच नाही.