हक्क की अधिकार? : संविधानाच्या मराठी शब्दांविषयी

भारताच्या संविधानाचा तिसरा भाग हिंदी पाठात ‘मूल अधिकार’ या नावाने येतो, तर मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ या नावाने. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या घरांतून हे दोन्ही शब्द रोज कानांवर पडतात आणि बहुतेकांना ते एकाच अर्थाचे वाटतात. मराठी वृत्तपत्रांत व व्याख्यानांतही आता ‘मूलभूत अधिकार’ हा प्रयोग सर्रास आढळतो. एका शब्दाच्या जागी दुसरा आला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. माझ्या मते बरेच बिघडते. संविधानाच्या मराठी पाठाची भाषा पुष्कळ ठिकाणी बोजड आहे. राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांना ‘निदेशक’ म्हणण्याने कोणाचे भले झाले ते समजत नाही. पण तिसऱ्या भागाचे नाव ठेवताना त्या भाषांतरकारांनी जो विवेक दाखवला, तो आपण सहज गमावून बसत आहोत.

हिंदीत अधिकार म्हणजे हक्कच. मराठीत तसे नाही. मराठीत अधिकार असतो तो खुर्चीला. म्हणून तो गाजवता येतो, काढून घेता येतो, हाताखालच्याला सोपवता येतो. नाहीतर तो असतो अंगच्या योग्यतेला: अमक्यांचा संगीतात मोठा अधिकार आहे, असे आपण म्हणतो. शास्त्रग्रंथांतला अधिकार याहूनही कडक. कोणत्या विद्येला कोण पात्र हे तो ठरवतो, आणि त्याच्याच आधारे शूद्रांना व स्त्रियांना वेदांपासून दूर ठेवले गेले. म्हणजे मराठी कानाला अधिकार एक तर वरून मिळतो, किंवा पात्रता सिद्ध करून मिळवावा लागतो. संसदीय लोकशाहीतल्या नागरिकाला या दोहोंपैकी कशाचीही अट नाही. अनुच्छेद ३२६ मतदाराचे वय विचारतो, विद्वत्ता विचारत नाही.

त्यात १९६२ सालच्या पदनाम कोशाची भर पडली. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवले, पण कोश हरला नाही. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला, आणि हळूहळू कचेरीतली निम्मी माणसे कसली ना कसली अधिकारी झाली. त्यामुळे मराठीत हा शब्द टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कायमचा जाऊन बसला. २००५ च्या केंद्रीय कायद्याचे मराठी नाव ‘माहितीचा अधिकार अधिनियम’ असे आहे. हिंदी नावाची सावली त्यावर स्पष्ट दिसते. आता गंमत पाहा. नागरिक आपला माहितीचा अधिकार घेऊन जातो तो जन माहिती अधिकाऱ्याकडे. मागणाऱ्याकडेही अधिकार, देणाऱ्याकडेही अधिकार! यांपैकी कोणाचा मोठा, हे शब्दावरून कळत नाही. कायद्यावरून मात्र कळते. विनाकारण माहिती अडवली तर दर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड त्या अधिकाऱ्यालाच होतो. कायदा इतका रोखठोक असता त्याचे नाव असे संदिग्ध का असावे?

लोकसेवांविषयीच्या कायद्यांतही हा फरक दिसतो. ठरावीक मुदतीत दाखला वा परवाना मिळण्याची तरतूद करणारा कायदा २०१० साली मध्य प्रदेशाने केला आणि त्याच्या नावात ‘गारंटी’ हा शब्द घातला. हमी देणारे सरकार, म्हणून वाक्याचा कर्ताही सरकारच. महाराष्ट्राने २०१५ साली त्याच धर्तीचा कायदा केला, त्याचे नाव मात्र ‘लोकसेवा हक्क अधिनियम’. जन्म मध्य प्रदेशात आणि चाकरीही मध्य प्रदेश शासनाची, तरी या एका बाबतीत मी महाराष्ट्राच्या बाजूचा आहे.

अर्थात ‘हक्क’ हा शब्द काही सोवळा नाही. तो अरबीतून आला. सत्य, न्याय आणि रास्त वाटा असे अर्थ त्याच्या पोटात आहेत. परंतु मराठी दप्तरांत तो वावरला वतनाच्या सोबतीने. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण यांचे हक्क, लवाजिमे आणि मानपान यांनी जुने कागद भरलेले आहेत. आपल्यापैकी काही घरांत तसल्या सनदा अजून पेटीत जपून ठेवलेल्या असतील. असा हक्क वंशपरंपरेने चाले, भावांत वाटला जाई, गहाणही पडे. तो एका घराचा असे. शेजारच्याला तो नाही यातच त्याची गोडी होती.

आणि काही हक्क तर बेडीसारखे होते. महारांच्या बावन्न हक्कांची सनद परंपरेने सांगितली जाते, पण त्या हक्कांच्या बदल्यात वेठीचा केवढा भार होता! डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या वतनाच्या जाचातून आपल्या समाजाला सोडवण्यासाठी. पिढीजात हक्क सोडा म्हणजे माणसाचा हक्क मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच लोकांना पटवणे सोपे नव्हते. वतनाची ओढ सर्वांनाच असते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

या शब्दाचा कायापालट कोठे झाला असे विचाराल, तर मी महाडचे नाव घेईन. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे कागदोपत्री अधिकार मिळालेला होता. पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हजारो हातांनी उचलले गेले, तेव्हा त्यामागे ना वतन होते, ना सनद, ना शास्त्राने मानलेली पात्रता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो वाचताना महाड आठवले नाही, तर वाचन अपुरे राहिले असे मी म्हणेन.

टिळकांच्या नावाशी जोडला गेलेला ‘जन्मसिद्ध हक्क’ही इथे आठवतो. हिंदीत त्याचा ‘जन्मसिद्ध अधिकार’ झाला, आणि हिंदीपुरते ते ठीकच आहे. मराठीत मात्र त्या शब्दाची खरी धार वतनाच्या पार्श्वभूमीवरच जाणवते. वतनही जन्मानेच मिळे, पण एका कुळातल्या जन्माने. इथे देशात जन्मलेला प्रत्येक जण वारस ठरला. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क तिसऱ्या भागातून काढून अनुच्छेद ३०० क मध्ये नेला. त्या दुरुस्तीवर कायदेपंडितांचे मतभेद असोत. शब्दाच्या इतिहासात मात्र हक्काची जमीनजुमल्याशी असलेली जुनी सोयरीक तिथे सैल झाली.

सवयी मात्र सैल होत नाहीत. सरकारने हक्क ‘बहाल’ केला, असे आपली वृत्तपत्रे अजून लिहितात. बहाल हा तर सनदेचाच शब्द. लोकप्रतिनिधींना आपण आमदार-खासदार म्हणतो, आणि ते कानाला सुभेदार-जहागीरदारांच्या पंगतीतले वाटतात. (मुलाने बापाची जागा चालवावी हे मग कोणाला खटकतही नाही.) वास्तविक तिसरा भाग देणगीच्या भाषेत लिहिलेलाच नाही. तो राज्याला मनाई करतो: समानता नाकारू नये, हक्कांचा संकोच करणारा कायदा करू नये. या भागाने हक्क प्रदान केले, अशी शब्दयोजना त्यात आहे हे खरे. पण प्रदान करणारे संविधान आहे, सरकार नव्हे. आणि हे राज्य म्हणजे केवळ दिल्ली वा भोपाळ नाही. बाराव्या अनुच्छेदाच्या व्याख्येत नगरपालिकेसारखे स्थानिक प्राधिकरणही येते. शिवाय चौदावा व एकविसावा अनुच्छेद नागरिकच नव्हे, कोणत्याही व्यक्तीला संरक्षण देतात. अधिकाराच्या भाषेत हे बसवता येत नाही. परक्या देशातून आलेल्या माणसाला कसला आला आहे अधिकार? त्याला हक्क मात्र आहे.

हा काथ्याकूट आपल्यासारख्यांच्या कामाचा कसा, तेही सांगतो. स्वतंत्र भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांना ती जतन करण्याचा हक्क अनुच्छेद २९ मध्ये आहे, म्हणजे तिसऱ्या भागात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीविषयीचा अनुच्छेद ३५० क १९५६ साली आला, तो सतराव्या भागात, आणि तिथले क्रियापद आहे प्रयत्न करण्याचे. त्यामुळे मराठी शाळा बंद पडताना आपण कोणत्या अनुच्छेदाकडे बोट दाखवतो याला महत्त्व आहे. बहुतेक निवेदने ३५० क चा आधार घेऊन विनंती करतात आणि २९ चा उल्लेखही करत नाहीत. गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते, असे अनुच्छेद ३५० सांगतो. सेवेच्या सर्व वर्षांत माझ्या टेबलावर मराठीतून लिहिलेला अर्ज एकदाही आला नाही. येणारे मराठी अर्जदार पुष्कळ होते. ते हिंदीत लिहीत, आणि खाली सही तेवढी मराठी वळणाची करीत.