परीक्षेतला ‘टायगर’

सीबीएसईच्या बारावी संगणकशास्त्राच्या २०२२-२३ च्या नमुना प्रश्नपत्रिकेत पायथन प्रोग्राम मायएसक्यूएल डेटाबेसला जोडण्याचा प्रश्न आहे. वापरकर्ता ‘रूट’, पासवर्ड ‘टायगर’, आणि प्रोग्राममध्येही हे शब्द जसेच्या तसे. हा ‘टायगर’ जुनाच. ओरॅकल कंपनीचे आरंभीचे प्रोग्रामर ब्रूस स्कॉट यांच्या घरच्या मांजराचे ते नाव. स्कॉटचे खाते आणि मांजराचा पासवर्ड ओरॅकलच्या नमुना डेटाबेसबरोबर जगभर पोचले.

प्रश्न म्हणून तो वाईट नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यातून लागणाऱ्या सवयीला. विद्यार्थी आपल्या प्रकल्पातही हेच लिहितो आणि तो प्रकल्प गिटहबवर सर्वांसाठी खुला ठेवतो. पुढे चूक लक्षात येऊन ती ओळ पुसली, तरी गिट जुन्या आवृत्त्या जपून ठेवते आणि पासवर्ड त्यांत वाचता येतो. मग तो बदलण्याखेरीज इलाज नाही. हे मुलांच्याच बाबतीत घडते असेही नव्हे. २०१६ साली उबरच्या खासगी गिटहब भांडारात शिरलेल्या हल्लेखोरांना ॲमेझॉनवरील साठ्याची किल्ली प्रोग्राममध्येच सापडली. सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

वास्तविक पासवर्ड एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून प्रोग्रामला तेथून वाचायला लावणे हे एका ओळीचे काम आहे. वेगळ्या फाइलीत ठेवला तर त्या फाइलीचे नाव ‘गिटइग्नोअर’मध्ये घालावे. (अशी फाइल साध्या मजकुराचीच असते, ती कोणाकोणाला उघडता येते हेही पाहावे.)

‘रूट’ मात्र आम्हांला अधिक खटकतो. रूट म्हणजे डेटाबेसचा सर्वाधिकारी. विद्यार्थ्यांचे गुण नोंदवायला आलेला प्रोग्राम रूटच्या नावाने सगळी टेबलेच काढून टाकू शकतो! जास्तीच्या अधिकारांनी काय होते याचे एक उदाहरण पनवेलच्या शेजारीच आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ने न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. हा घातक प्रोग्राम एका संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून त्याच नेटवर्कमधील दुसऱ्या संगणकांत शिरत असे. तेथे प्रश्न डेटाबेसचा नव्हता. पण हाती लागलेला पासवर्ड प्रशासकाचा असला, की पुढची दारे उघडत जात.

मंडळाने नमुना उत्तरातील जोडणीची ओळ बदलावी. गुण तेवढेच राहू द्यावेत. तोवर पनवेलच्या आमच्या वर्गात आम्ही प्रश्न तोच देतो, पण आधी ‘क्रिएट यूझर’ आणि ‘ग्रँट’ या आज्ञांनी फक्त वाचण्याचा व नोंद भरण्याचा अधिकार असलेला वापरकर्ता तयार करून घेतो. तासातली पाचेक मिनिटे जास्त जातात.