चिमणीखालची झगमग

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज दुकाने, कचेऱ्या, चित्रपटगृहे आणि पंचतारांकित हॉटेल एकत्र उभे आहे. १९०५ साली सुरू झालेल्या या गिरणीची चिमणी मात्र पाडलेली नाही. ती शोभेला ठेवली आहे. श्रम वजा करून श्रमाचे चिन्ह तेवढे मिरवायचे, हीच या नव्या संस्कृतीची रीत आहे.

हा पालट आपोआप झालेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि हजारो कायमचे देशोधडीला लागले. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारतीखालची जमीन वाट्यातून सुटली आणि लोकांचा हिस्सा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. या झगमगाटाचा पाया असा कागदावर घातला गेला आहे.

या ऱ्हासाची नोंद मराठी साहित्याने घेतली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने (१९९७) संपानंतरच्या घराची पडझड रंगभूमीवर आणली, हे मोलाचेच काम. पण गिरणगावाबद्दलची जी हळहळ एरवी सर्वत्र ऐकू येते, तिच्याविषयी माझी तक्रार आहे. गिरणगाव म्हणजे एकजुटीचे सोनेरी जग, असे ती मानते. त्या जगात विणाई खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगाराला त्या तोंडाचा विटाळ होई. जास्त मजुरीचे काम त्यामुळे आपल्या माणसाला मिळत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. ज्या आठवणीत हे दार नाही, ती आठवण अर्धी आहे.

आता या बाजाराच्या ओढीकडे पाहू. माझे विद्यार्थी तिथे आवडीने जातात. त्यांना चंगळवादी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. गार हवा, स्वच्छ फरशी, आणि कोणी आडनाव विचारत नाही! ज्यांच्या बापजाद्यांना पाणवठ्यावर हटकले गेले, त्यांना या अनोळखीपणाची किंमत कळते. प्रश्न एवढाच की ही मोकळीक हक्काची आहे काय? खिशात पैसा असेतो ती टिकते. आणि ती फरशी पुसणारा कोण, हे विचारले की जात पुन्हा समोर उभी राहते.

म्हणून आपल्या लेखकाने इथे केवळ उसासे टाकून भागणार नाही. चिमणीखालची दोन्ही दारे त्याने लिहिली पाहिजेत : जे जातीने बंद होते ते, आणि जे आज पैशाने उघडते तेही.