रोग की लक्षण?

रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) आपल्याला माहीत असते ते डीडीटी आणि पक्ष्यांबद्दलचे पुस्तक म्हणून. त्यातला हिरवळीवरच्या तणाचा मजकूर सहसा चर्चेत येत नाही. शिक्षकांनी तो जरूर वाचावा, कारण कार्सन यांच्या विचारपद्धतीचे बळ त्यात दिसते आणि तिची मर्यादाही.

अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीत क्रॅबग्रास (डिजिटॅरिया) हे वर्षायू गवत शिरते. कार्सन यांच्या मते हे तण म्हणजे मूळ रोग नव्हे, केवळ लक्षण. दरवर्षी बी रुजायला त्याला मोकळी जागा लागते. माती सकस आणि हिरवळ दाट असेल तर ती मिळत नाही. तरीही लोक विषे टाकतात. एका उत्पादनावरच्या सूचना तंतोतंत पाळल्या तर एकरी १७५ पौंड आर्सेनिक जमिनीवर पडते, असा हिशेब त्या मांडतात. विद्यार्थ्यांना हे गणित करायला सांगा: दर चौरस मीटरला जवळजवळ २० ग्रॅम!

घरच्या अंगणापुरता हा युक्तिवाद पटतो. गोल्फच्या मैदानावर मात्र तो अडखळतो. चेंडू नीट घरंगळावा म्हणून ‘ग्रीन’वरचे गवत ३-४ मिलिमीटर उंचीवर कापतात. पाने कमी, म्हणून अन्न कमी. अन्न कमी, म्हणून मुळे उथळ. शिवाय पायांखाली आणि यंत्रांखाली माती दबते. अशा मातीत गूसग्रास (एल्यूसिन इंडिका) फोफावते. हे आपल्या नाचणीचे जवळचे नातलग! म्हणजे येथे हिरवळ दुबळी होते ती निष्काळजीपणामुळे नव्हे, तर खेळाच्या अपेक्षांमुळे. कार्सन यांचा उपाय तिथपर्यंत पोचत नाही.

दुसरी अडचण निवडीची. अमेरिकेच्या दक्षिणेकडील पुष्कळ मैदानांवर ‘टिफवे’ (१९६०) हे संकरित गवत असते. त्याचा एक पालक म्हणजे आपली हरळी. शेतकरी जिला तण म्हणून खणून काढतो, तिचीच तिथे जोपासना होते. गवतातले गवत मारायचे, तर निवडक विष हवे. एमएसएमए हे आर्सेनिकचे सेंद्रिय संयुग त्यासाठी अनेक वर्षे वापरले गेले. जमिनीत त्याचे रूपांतर अधिक विषारी असेंद्रिय आर्सेनिकमध्ये होऊ शकते. आणि आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्याने कुजून नाहीसे होत नाही. फ्लोरिडात गोल्फ मैदानांखालच्या भूजलात ते आढळले. २००९ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांशी करार केला. घरगुती हिरवळीवरचा वापर थांबला, गोल्फला मात्र मर्यादित सवलत मिळाली.

तणनाशक बदलूनही कायमची सुटका होत नाही. ट्रायफ्ल्युरॅलिनला न जुमानणारे गूसग्रास १९७३ साली दक्षिण कॅरोलिनातल्या कापसाच्या शेतात आढळले. ग्लायफोसेटला दाद न देणारे १९९७ साली मलेशियात. फवारणीने दुबळी रोपे मरतात आणि तगलेल्यांचे बी पसरते. नैसर्गिक निवडीचे याहून सोपे उदाहरण कोणते?

तेव्हा कार्सन यांचे निदान खरे, उपाय मात्र अर्धा. कारण दूर करायचे तर आधी विचारावे लागते, की ते कारण कोणाला हवे आहे. शाळेच्या मैदानावर मुलांना न्या. मळलेल्या पायवाटेवर कोणती गवते आहेत आणि कुंपणाकडेला कोणती, याची नोंद करू द्या. फरक दिसला की मग त्यांनाच विचारा: यातले तण कोणते, आणि ते कोणी ठरवले?