परमुलखांतील मराठी पोथी : महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासांतील एक उणीव

यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. मठामठांतून जपलेल्या व सांकेतिक लिपींत दडलेल्या पोथ्यांचें धन त्यानें विद्वानांच्या दृष्टीस आणिलें. पुढें १९६० सालीं इंग्रज पंडित रेसाइड यांनीं या वाङ्मयाची सूची केली, व १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र बाहेर पडलें. या तिघांचें ऋण मान्य करूनच एका उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे. हा कोणा एका ग्रंथकाराचा दोष नव्हे. आम्हां सर्वांच्याच दृष्टीचा आहे.

महानुभाव पोथी हातीं आली म्हणजे आम्ही तिच्यांत प्रथम तेराव्या शतकांतील मराठी शोधतों. मूळ लीळाचरित्र परचक्रांत नष्ट झालें व शिष्यांनीं तें स्मरणावरून पुन्हां सिद्ध केलें, अशी पंथाची परंपरा असल्यामुळें मूळ पाठाचा शोध अगत्याचा आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्या नादांत पोथी कोठें लिहिली, कोणीं लिहविली व कोण वाचीत असे, हे प्रश्न मागें पडतात.

या प्रश्नांचें महत्त्व पंथाच्या प्रसाराकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. महानुभाव पंथ वऱ्हाडांत व गोदातीरीं वाढला. पण तेथेंच राहिला नाहीं. गुजरातेंत तो अच्युतपंथ व पंजाबांत जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला गेला, आणि त्याचे अनुयायी अफगाणिस्तानापर्यंत पोंचले. बोली पंजाबी, परंतु शास्त्र मराठी, अशी स्थिति तिकडे झाली. हिंदु धर्म चंपा व कंबुज देशांत गेला तो संस्कृत बरोबर घेऊन गेला. तेथील शिलालेख याची साक्ष देतात. येथें मात्र एक लोकभाषाच श्रुतीच्या पदवीस पोंचली.

यावर असा आक्षेप निघतो कीं, चक्रधरांनीं शिष्यांस महाराष्ट्रांत राहण्याची आज्ञा केली होती. तेव्हां उत्तरेकडील प्रसार हा आज्ञाभंगच होय. हें मत आम्हांस पटत नाहीं. तो आचार मुख्यतः संन्याशांस उद्देशून आहे. गृहस्थ वासनिकांस तो त्याच अर्थानें लागू होत नाहीं. परमुलखांत मठ घालणाऱ्या संन्याशांपुरता आक्षेप उरतो, हें मात्र कबूल केलें पाहिजे. महाराष्ट्र ही या पंथाची पुण्यभूमि कशी ठरली, याचें विवेचन फेल्डहाउस यांनीं १९८६ सालच्या लेखांत केलें आहे. त्यास आम्ही इतकेंच जोडूं कीं, दूरच्या भक्तास ती पुण्यभूमि दूर असल्यामुळेंच जपावी लागते. माहूर, फलटण, रिद्धपूर येथें यात्रेस यावें, स्थानाच्या संबंधाचा पाषाण पूजावा, आणि ज्या भाषेंत तेथील लीळा सांगितल्या ती भाषा शिकावी, असे हे धागे आहेत. पैकीं भाषेचा धागा पोथीवांचून टिकणें शक्य नव्हतें.

नागदेवाचार्यांनीं केशिराजबासांस संस्कृतांत लिहिण्यापासून परावृत्त केलें, ही कथा प्रसिद्ध आहे. आपल्या म्हाताऱ्या शिष्यिणी तेणेंकरून वंचित होतील, असें त्यांचें म्हणणें होतें. संस्कृताच्या अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास ही कथा एके काळीं बोचत असे. आतां तिच्यांतील दुसरा भाग दिसतो. जी भाषा म्हाताऱ्यांस सुलभ म्हणून राखिली, तीच पंजाबी शिष्यास परकी, म्हणून कष्टानें शिकण्याची झाली. तेथें मराठीनें संस्कृताचेंच कार्य केलें. आमच्या वाङ्मयेतिहासांत या घटनेस एखाददुसऱ्या वाक्यापलीकडे स्थान मिळूं नये, हें उचित नव्हे.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, पोथीची नोंद करितांना पुष्पिका पूर्ण उतरून घ्यावी. लेखकाचें नांव, शक, गांव, समासांतील अन्य लिपींतील टीप, यांपैकीं कांहीं गाळूं नये. परभाषी लेखकाच्या हातून झालेली ऱ्हस्वदीर्घाची चूक संपादकास अशुद्ध पाठ वाटते. इतिहासकारास ती साक्ष आहे. १९४७ च्या फाळणीनें पश्चिम पंजाब व पेशावरकडील हिंदूंचीं घरें उठलीं. तिकडून आलेल्या पोथीचें मूळ गांव सांगणारा माणूस गेला म्हणजे पुष्पिकेवांचून दुसरा साक्षी राहत नाहीं. रिद्धपुरास आतां मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. परमुलखांतील पोथ्यांची स्वतंत्र सूची हें त्याच्या आरंभींच्या कार्यांत असावें. देशपांडे यांनीं आरंभिलेल्या कामाचा तो शेष भाग होय, आणि तो पुरा करण्यास जितका विलंब होईल तितके साक्षी कमी होतील.