करून बघ : मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तु पार्’

चेन्नईत राहायला आल्यावर मी तमिळ शिकू लागले, तेव्हा सगळ्यांत आधी आपलंसं वाटलं ते एक साधं क्रियापद. ‘पार्’ म्हणजे बघ. पण तमिळ माणूस ते आपल्यासारखंच दुसऱ्या क्रियापदाला जोडतो. खाऊन बघ, विचारून बघ, घालून बघ. या ‘बघ’चा डोळ्यांशी फारसा संबंध नसतो. ‘एकदा प्रयत्न कर, काय होतं ते तुला कळेल’ एवढा सगळा धीर त्या दोन अक्षरांत असतो. मग शेजारच्या मामींनी त्यांच्या कपाटातलं एक जुनं पुस्तक हातात दिलं. कव्हरवर दोनच शब्द होते, ‘समैत्तु पार्’. मला ते भाषांतर न करता वाचता आलं. रांधून बघ.

हे पुस्तक इंग्रजीत ‘कुक अँड सी’ या नावानं गेलं. त्या नावात शिजवणं आणि पाहणं अशा दोन क्रिया वेगवेगळ्या झाल्या आणि मधला जिव्हाळा सांडला. मराठीत तो सांडत नाही. शिवाय मूळ नावातलं ‘पार्’ एकवचनी आहे. परक्या वाचकाला आदरानं सांगायचं तर ‘पारुंगळ्’ म्हणावं लागलं असतं. ‘पार्’ म्हणतात ते मुलीला, भाचीला, धाकट्या जावेला. पुस्तक उघडण्याआधीच मीनाक्षी अम्माळांनी वाचणारीशी नातं जोडलेलं असतं, आणि मला वाटतं या पुस्तकाचं सगळं मर्म या एका प्रत्ययहीन आज्ञार्थात आहे.

ते तसं असायला कारण आहे. हे पुस्तक आधी पत्रं होतं. एस. मीनाक्षी अम्माळ मद्रासच्या तमिळ ब्राह्मण घरातल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात मुलगा, डोक्यावर घराची जबाबदारी. हाताला चव होती, त्यामुळे नात्यातल्या मुली परगावी गेल्या की पत्रानं विचारत, अमुक कसं करायचं, तमुक बिघडलं तर काय. त्या उत्तरं लिहीत. त्यांचे काका के. व्ही. कृष्णस्वामी अय्यर हे मद्रासमधले नामांकित वकील, म्युझिक अ‍ॅकॅडमीचं अध्यक्षपद सांभाळलेले. त्यांनी सुचवलं की एकेकीला पत्र लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच पुस्तकात लिहून काढ. प्रकाशक शोधण्याच्या फंदात न पडता पुस्तक घरच्या बळावर निघालं. त्यासाठी मीनाक्षी अम्माळांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या अशी हकीकत सांगितली जाते. १९५१ साली पहिला भाग तमिळमध्ये बाहेर आला.

ते साल लक्षात घेण्यासारखं आहे. मद्रास राज्यात तेव्हा धान्यावर नियंत्रण होतं. राजाजींनी ते उठवलं १९५२च्या जूनमध्ये. म्हणजे तांदूळ मोजून मिळत होता त्या दिवसांत एक बाई एका अख्ख्या स्वयंपाकघराची नोंद छापत होती. आणि तेव्हाच तमिळ घरं विखुरत होती. नोकरीसाठी मुलगे मुंबईला, दिल्लीला, कलकत्त्याला जात होते. आपल्या माटुंग्यानं ही माणसं पाहिली आहेत. त्यांच्या बायका सासूच्या हाताखाली न शिकताच परक्या शहरातल्या दोन खोल्यांत चूल पेटवत होत्या. विचारायला जवळ कुणी नाही, अशी मुलगी हीच या पुस्तकाची वाचक.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. तमिळमध्येही जवळजवळ हीच म्हण आहे. पातेलंभर भाताला एक शीत ‘पदम्’. हा ‘पदम्’ शब्द मला फार आवडतो. पदार्थ जिथे नेमका होतो, ना कच्चा ना पुढे गेलेला, तो क्षण म्हणजे पदम्. आपल्या एकतारी पाकासारखंच तमिळमध्ये ‘कंबि पदम्’ म्हणतात, कंबि म्हणजे तार. तर मीही एकच शीत घेते. रसम.

रसम हा दिसायला किती साधा पदार्थ. चिंचेचं पाणी, मीठ, हिंग, रसमपूड, टोमॅटो, वरणाचं पाणी, फोडणी. जिला येतं ती सांगताना एका दमात सांगते, आणि नेमकं त्या दमात जे गळतं त्यावर रसम अवलंबून असतं. चिंचेचं पाणी किती वेळ उकळायचं? तमिळ स्वयंपाकाची भाषा याला मिनिटं सांगत नाही. ‘पच्चै वासनै’ जाईपर्यंत, असं सांगते. पच्चै म्हणजे हिरवा, कच्चा. चिंचेचा आणि पुडीचा कच्चट वास उडेपर्यंत. घड्याळ नाकाला बांधलेलं आहे. कोळशाच्या शेगडीवर शिजवणाऱ्या बाईला दहा मिनिटं म्हणजे नक्की काय? आज कोळसा ओला आहे, उद्या कोरडा. वास मात्र दोन्ही दिवशी एकाच टप्प्यावर जातो.

मग वरणाचं पाणी पडतं आणि इथे खरी परीक्षा. रसमाला फेस धरू द्यायचा, उकळू द्यायचं नाही. कडेनं बारीक फेस गोळा होऊन मध्यभागी सरकू लागला की उतरवायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पिठल्याला आणतो तशी सणसणीत उकळी आणली. मामी दारातूनच म्हणाल्या, “उकळलंस ना गं?” त्यांना वासावरून कळलं. आपल्याकडे ताकाच्या कढीला उकळी फुटू देत नाहीत, नाहीतर कढी फुटते. त्या कढीची आठवण धरून मी पुढचं रसम केलं आणि ते जमलं. रसम फुटत नाही, पण त्याचा सुगंध निघून जातो आणि मागे नुसतं आंबट पाणी राहतं.

जुन्या घरांत हे रसम ‘ईयच्चोंबू’त करतात, म्हणजे कथलाच्या तांब्यात. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. आत पाणी आहे तोवर भांड्याला धोका नाही, कारण पाणी शंभराच्या वर जाऊ देत नाही. रिकामं भांडं आचेवर ठेवलं की बूड पाघळून चुलीत. म्हणून आधी पाणी, मग विस्तव. जिच्या घरात असं भांडं पिढ्यान्‌पिढ्या आहे तिला हे सांगावं लागत नाही. आणि ‘सांगावं लागत नाही’ हीच तर स्वयंपाक शिकणाऱ्यांची खरी अडचण. आई सांगते ते आपण लिहून घेतो. आईला जे सांगण्यासारखं वाटतच नाही, ते आपल्याला पंधरा वर्षांनी परक्या गावात हवं असतं. मीनाक्षी अम्माळांची प्रतिभा मला इथे दिसते. स्वतःला पाठ असलेली गोष्ट मुळीच माहीत नसलेल्या मुलीच्या जागी उभं राहून त्यांनी पाहिली. साहित्य किती, आधी काय, नंतर काय, कधी थांबायचं. ‘अंदाजानं’ हा शब्द त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातून हद्दपार केला. तमिळ बायका ‘कण् अळवु, कै अळवु’ म्हणतात, डोळ्याचं माप, हाताचं माप. ते माप वजनात उतरवायचं म्हणजे आपली मूठ आधी तराजूत रिकामी करायची. एकेका पदार्थासाठी हे करत बसायला किती दुपारी लागल्या असतील.

पण त्यांनी निवडलेली मापं त्यांच्या हयातीतच जुनी व्हायला लागली. पलम म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. आठ आळाक्कूंची एक पडी. आपल्या चिपटं, मापटं, शेर, पायलीसारखीच ही मंडळी. १९५६ला वजनमापांचा कायदा झाला, १९५८पासून किलो आणि लिटर टप्प्याटप्प्यानं बाजारात आले, आणि इतक्या काटेकोर लिहिलेल्या आकड्यांना हळूहळू तर्जुम्याची गरज पडू लागली. मामींच्या प्रतीत समासात शिसपेन्सिलीनं ग्रॅम लिहिले आहेत, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. इथे मला कमलाबाई ओगल्यांची आठवण होते. ‘रुचिरा’ १९७०ची, दशमान पद्धत आल्यानंतरची, तरीही त्यांनी ग्रॅम बाजूला ठेवून वाटी आणि चमचा हाती घेतला. वाटी सरकारला बदलता येत नाही. माझी वाटी लहान असेल, तुझी मोठी, पण एका वाटीला दोन वाट्या हे नातं कायम राहतं. कमलाबाईंनी प्रमाण लिहिलं, मीनाक्षी अम्माळांनी परिमाण. वापरायला ‘रुचिरा’ सोपी, हे मी बिनदिक्कत म्हणेन. पण पहिल्यांदा वाट तुडवणारीला पायाखाली काय लागेल याची कल्पना नसते.

स्वतःच्या पैशानं पाकपुस्तक काढणाऱ्या दुसऱ्या एका विधवेची गोष्ट इथे आठवते. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात अर्मा रॉम्बौअर यांनी पती गेल्यानंतर शिल्लक पुंजीतून १९३१ साली ‘द जॉय ऑफ कुकिंग’च्या तीन हजार प्रती छापून घेतल्या. ज्या छापखान्यानं त्या छापल्या तो एरवी बुटांच्या कंपन्यांची लेबलं छापायचा. पाच वर्षांनी मोठ्या प्रकाशकानं ते पुस्तक घेतलं आणि पुढे ते अमेरिकेच्या घराघरांत गेलं. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, भेटण्याचा प्रश्नही नव्हता. पण नवरा गेल्यावर हातात उरलेल्या पैशाचं काय करावं याचं दोघींचं उत्तर एकच निघालं. मीनाक्षी अम्माळांचं पुस्तक मात्र घरचंच राहिलं. भाग वाढले, इंग्रजीत आणि आणखी काही भारतीय भाषांत गेलं, पण मैलापूरमधून कुटुंबच ते काढत राहिलं. पुढच्या पिढीनं निवडक कृती आजच्या मापांत बसवून वेगळं इंग्रजी पुस्तकही केलं. बाहेरच्या संपादकाचा हात सुरुवातीलाच लागला असता तर नाव बहुधा भारदस्त झालं असतं, ‘दक्षिण भारतीय शाकाहारी पाकशास्त्र’ असं काहीतरी. ‘बघ’ राहिलं नसतं.

पाकशास्त्र म्हटलं की तंजावरच्या मराठ्यांकडे वळावंच लागतं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातल्या कृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी हस्तलिखितात आहेत आणि ते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेलं आहे. कावेरीच्या काठावर मराठीत लिहिलेलं पाकपुस्तक, आपल्याला केवढा अभिमान वाटावा. तो वाटतोच. पण राजाच्या आज्ञेनं उतरवलेलं पुस्तक दरबारात राहिलं, तिथून ग्रंथालयात गेलं. मामींच्या ‘समैत्तु पार्’ची साठ-सत्तर पानं हळदीनं पिवळी झाली आहेत, एका पानावर तेलाचा डाग आरपार गेला आहे आणि पलीकडच्या पानावरची अक्षरं त्यातून दिसतात. मला दोन्ही ग्रंथ मोलाचे वाटतात, पण माझा जीव डागांच्या बाजूला ओढतो.

या पुस्तकाची मर्यादाही आहे. हे एका जातीचं, एका शाकाहारी घराचं स्वयंपाकघर आहे. चेन्नईच्या किनाऱ्यावर रोज पहाटे जी मासळी उतरते तिची आमटी यात नाही, चेट्टिनाडची मिरी नाही. पण त्यांनी तसा दावा कुठे केला? पत्र लिहिणारी आपल्याच घरचं लिहिते.

या पत्रलेखिकेबद्दल आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. तिच्या काळी, तिच्या समाजात विधवा बाई शुभकार्यात मागे उभी राहायची. नवरीला ओवाळायला तिला कुणी पुढे बोलवत नसे. आणि हे पुस्तक गेली सत्तर वर्षं तमिळ घरांत नवरीला दिलं जातं. रेशमी साड्यांच्या घड्यांमध्ये, कुंकवाच्या डबीशेजारी, सासरी आणि विमानानं सातासमुद्रापार. मामींना ते त्यांच्या आईनं दिलं होतं, १९७४च्या लग्नात. पहिल्या पानावर तारीख आहे, आशीर्वाद आहे आणि त्याखाली हळदीकुंकवाचं बोट उमटलं आहे.

मामींची प्रत परत केल्यावर मी मैलापूरला जाऊन माझी स्वतःची आणली, तमिळच, भाग पहिला. एक एक अक्षर जुळवत वाचते, त्यामुळे एक रसम वाचायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मामींचं करून होतं. समासात मीही पेन्सिलीनं लिहू लागले आहे. पलमच्या पुढे ग्रॅम, ग्रॅमच्या पुढे माझ्या पुण्याच्या घरून आणलेल्या पितळी वाटीचं माप. तुरीची डाळ, अर्धी वाटी. चिंच, लिंबाएवढी. उकळू नकोस.