आज्ञापत्रांतील आरमारप्रकरण आणि रामचंद्रपंत अमात्य

आरमारास लागणाऱ्या लांकडासाठीं रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, मगच तोडावें, या आशयाचा उतारा हल्लीं सर्वत्र शिवछत्रपतींचें पत्र म्हणून छापला जातो. मालवणपासून देवबागपर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग इतका जवळ असतां, लोकांनीं तो तसाच मानावा यांत नवल नाहीं. परंतु हा उतारा कोणत्याहि शिवकालीन पत्रांतला नसून आज्ञापत्राच्या आरमारप्रकरणांतला आहे. महाराजांचें निधन इ. स. १६८० सालीं झालें. आज्ञापत्र मन्मथनाम संवत्सरांतलें, म्हणजे शके १६३७ किंवा इ. स. १७१५ चें आहे. मध्यें पस्तीस वर्षें गेलीं आहेत, आणि तीं वर्षें स्वराज्याच्या इतिहासांत सर्वांत बिकट होतीं. तीं वगळून हा उतारा वाचला म्हणजे त्याचा अर्थ अर्धाच हातीं लागतो, असें आमचें मत आहे.

प्रथम मायन्याचा विचार करूं. करवीरचे शंभु छत्रपति रामचंद्रपंत अमात्य हुकुमतपन्हा यांस आज्ञा करितात, असें या लेखाचें बाह्य रूप आहे. आज्ञा करणाऱ्या राजाचें वय त्या वेळीं सतरांच्या आसपास होतें. आज्ञा घेणारा प्रधान मात्र इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकसमयीं अष्टप्रधानांत अमात्यपदीं बसलेला पुरुष होता. ग्रंथाची रचना पंतांचीच, हें मत सर्वसाधारणपणें मान्य आहे. तेव्हां ही आज्ञा खालून वर गेलेली आहे. वृद्ध प्रधानानें तरुण राजास जें शिकवावयाचें, तें राजाच्याच मुखीं घालून लिहिलें. आपल्याकडील नीतिग्रंथांस ही रीत अपरिचित नाहीं.

आतां पंतांचें चरित्र पाहावें. इ. स. १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. मागें महाराष्ट्राचा सर्व कारभार हुकुमतपन्हा या पदवीनें पंतांकडे आला. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या साह्यानें त्यांनीं तो महाराज परत येईपर्यंत, म्हणजे इ. स. १६९८ पर्यंत, चालविला. पुढें ताराबाईंचा अमल, इ. स. १७०७ मध्यें शाहूंची सुटका व राज्याची दुफळी, आणि इ. स. १७१४ मध्यें पन्हाळ्यावर झालेली उलथापालथ हें सर्व त्यांनीं पाहिलें. या शेवटच्या प्रकरणांत तर त्यांचा हात होता. इ. स. १७१६ मध्यें ते वारले. म्हणजे आज्ञापत्र हें त्यांच्या कारकीर्दीचें अखेरचें बोलणें आहे.

या प्रकाशांत आरमारप्रकरण वाचावें. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकतां त्यास वेगळा मुलूख लावून द्यावा, नाहीं तर सावकारांस उपद्रव होऊन बंदरें ओस पडतील, असा तेथें आग्रह आहे. इ. स. १७१४ च्या आरंभींच बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें कान्होजी आंग्रे शाहूंच्या पक्षास मिळाले होते. त्यामुळें मराठ्यांच्या आरमाराचा मोठा भाग करवीरच्या हातून गेला. ज्या आरमाराचें पोट सरदाराच्या मिळकतीवर चालतें, तें सरदारामागें जातें, हा अनुभव ताजा असतां पंतांनीं हें प्रकरण लिहिलें. हा आमचा तर्क आहे. परंतु कालक्रम त्यास अनुकूल आहे.

संस्कृत अर्थशास्त्राशीं ताडून पाहिलें असतां या प्रकरणाचें नवेपण अधिक ठसतें. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र हीं राज्याचीं सात अंगें. त्यांत आरमार नाहीं. कौटिल्याचा नावध्यक्ष आहे खरा, व हिंस्र नौकांचा नाश करणें हेंहि त्याच्याकडे आहे. पण त्याचें मुख्य काम नदीचे उतार व बंदरें यांवरील कर घेण्याचें. आज्ञापत्र आरमारास राज्याचें स्वतंत्र अंग मानतें आणि तें करापासून तोडूं पाहतें. हें पोथींतून आलेलें नाहीं. शिवछत्रपतींच्या उद्योगांतून व त्यानंतरच्या हानींतून आलेलें आहे.

किनाऱ्याची माहितीहि ऐकीव वाटत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं आरमार छावणीस कोठें न्यावें, याचा त्यांत विचार आहे. देवबागेस एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदी. मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी. मृग लागला म्हणजे नदीच्या मुखाशीं लाटा कशा फुटतात आणि वाळूचे बांध कसे जागा बदलतात, हें येथील लहान मूलहि जाणतें. छावणीचें बंदर निवडणें हा येथें जहाजाच्या जीविताचा प्रश्न होय.

येथवर पंतांचें श्रेय झालें. आतां दोषाकडे वळूं. इनामें देऊन भूमि तोडूं नये आणि वतनदारांस आवरून धरावें, असें आज्ञापत्र निक्षून सांगतें. परंतु जिंजीच्या काळांत मराठे सरदारांस मोंगलांकडून परत आणण्यासाठीं वतनांचीं व इनामांचीं वचनें सढळ हातें दिलीं गेलीं, आणि तो कारभार पंतांच्याच हातीं होता. बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्यांत पिढ्यानुपिढ्या चालली, हेंहि सर्वश्रुत आहे. चरित्रकारांनीं ही विसंगति झांकूं नये. आपत्काळीं जें करावें लागलें, त्याचे परिणाम डोळ्यांनीं पाहिलेला पुरुष पुढच्यांस सावध करीत आहे, असें मानल्यास त्या प्रकरणाचें वजन वाढतें.

कोणी म्हणेल, यानें शिवछत्रपतींच्या कीर्तीस उणेपणा येतो. तसें मुळींच नाहीं. चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस लिहिलेलें, रयतेस काडीचाहि आजार देऊं नये असें बजावणारें त्यांचें पत्र प्रसिद्ध आहे. आंब्या-फणसांविषयींची आज्ञा त्याच वृत्तीची, आणि पंतांनीं ती वृत्ति थोरल्या महाराजांच्या सेवेंत असतांच उचलली, असें म्हणण्यास हरकत नसावी. पण वृत्ति कोणाची आणि शब्द कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि दुसऱ्याचें उत्तर पुराव्यानेंच द्यावें लागतें.

हा घोटाळा होण्याचें कारण साधें आहे. प्रकरण तेवढें उतरून घेतलें जातें, आणि आरंभींचा मायना व मिति मागें राहतात. मग नुसत्या मजकुरास जें नांव शोभेल, तें चिकटतें. ज्यांच्या संग्रहीं आज्ञापत्राची पूर्ण किंवा त्रुटित नक्कल असेल, त्यांनीं एखादें प्रकरण छापण्यास देतांना मायना, शक आणि संवत्सर यांसहच द्यावें. आणि नकलेंत ते नसतील तर तसें स्पष्ट लिहावें.